पोपचा विद्यार्थी

लिमरिकहून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, पण उजेडही नव्हता. २०२१ चा ऑगस्ट. मी इथे आयर्लंडमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर. कोरोनाचे निर्बंध उठल्यानंतरचा माझा हा पहिलाच लांबचा प्रवास, तोही सहलीचा नव्हे. शेजारच्या एक्याऐंशी वर्षांच्या नोराबाईंना पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या भावाकडे न्यायचं होतं. हा भाऊ म्हणजे फादर टॉम, निवृत्त धर्मगुरू, आता फार आजारी होते. बहीणभाऊ अकरा वर्षं बोलले नव्हते.

कारण नोराबाईंनी गाडीतच सांगितलं. टॉमच्या गावी दुसऱ्या एका धर्मगुरूने मुलांवर अत्याचार केले होते. टॉमच्या कानावर आलं होतं, तरी ते गप्प राहिले. पुढे देशभरची अशी प्रकरणं उघडकीला आली आणि तेव्हाच्या जर्मन पोपनी आयर्लंडच्या लोकांना पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. टॉमनी ते बहिणीला पाठवलं.

"मी तुकडे करून परत पाठवलं," नोराबाई म्हणाल्या.

एनिस गावाच्या पुढे माझा रस्ता चुकला आणि आम्ही एका गोठ्यासमोर येऊन थांबलो. शेतकऱ्याने घर दाखवलं. फादरची तब्येत विचारली, तर म्हणाला, "ग्रँड." (इथे 'उत्तम'पासून 'आता काही खरं नाही'पर्यंत सगळ्याला हाच शब्द.)

उघड्या टेकडीवर घर, खाली राखाडी समुद्र. टॉमनी चहा आणि सोडा ब्रेड (खायच्या सोड्यावर फुगवलेला पाव) मांडून ठेवला होता. मीच कपाटातल्या जर्मन पुस्तकांबद्दल विचारलं.

"तरुणपणी तिकडे शिकलो," टॉम म्हणाले. "ते पोप तेव्हा आमचे प्राध्यापक होते."

"कसे होते?"

"लाजाळू. आवाज बारीक. कुणी अर्धवट प्रश्न विचारला, तर आधी तोच नीट मांडून द्यायचे, मग उत्तर. श्रद्धा आणि बुद्धी त्यांच्यासाठी वेगळ्या नव्हत्या. देवावरची श्रद्धा म्हणजे नियमांची यादी नव्हे, एका व्यक्तीशी जडलेलं नातं, असं ते मानत."

"एवढं ऐकून तू गप्प कसा राहिलास?" नोराबाईंनी विचारलं.

टॉमनी कप खाली ठेवला. "आपली ताकद संपली, हे त्या पोपनी जगासमोर सांगितलं आणि पद सोडलं. मला एका आईसमोर तोंड उघडता आलं नाही."

"कोणाच्या?"

"मायकलच्या. त्या मुलांपैकी एक. त्याने चोविसाव्या वर्षी जीव दिला."

"ती आहे अजून?"

"खाली गावात."

नोराबाई उठल्या. "कोट घाल."

गाडी मीच नेली. मायकलच्या आईने दार उघडलं. टॉम टोपी हातात धरून बोलत होते. मला गाडीत काही ऐकू आलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, आत मात्र बोलावलं नाही. दार हळूच लागलं. टॉम तिथेच उभे राहिले, तेव्हा नोराबाई उतरल्या आणि त्यांचा दंड धरून त्यांना घेऊन आल्या.

टॉमना घरी सोडून परतताना पाऊस लागला. शॅनन गावाच्या अलीकडे नोराबाई म्हणाल्या, "मी त्याला माफ केलेलं नाही. पुढच्या रविवारी नेशील का?"

विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण त्या दाराशी उभ्या म्हाताऱ्याला एकही पुस्तक उपयोगी पडलं नाही, हे मी पाहिलं.

त्यानंतर आम्ही दोन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारच्या आधीच टॉम गेले; जायचं कारण उरलं नव्हतं.