अक्कांच्या खानावळीतली तबल्याची जागा

मला एका जागी बसवत नाही. सांगोल्याला शाळेत असताना मास्तर मला मुद्दाम भिंतीकडेच्या बाकावर बसवायचे, म्हणजे निदान एका बाजूने तरी पळता येऊ नये. सोलापूरला कॉलेजात आलो तो सायन्सला. दिवाळीपर्यंत तिथे टिकलो, पुढच्या वर्षी कॉमर्सला गेलो, तिथून आर्ट्सला. सुट्टीत घरी गेलो की आई विचारायची, "आता कुटल्या वर्गात हाय?" आणि मी सांगायच्या आत म्हणायची, "ऱ्हाऊं दे. सांगून हुईपतूर बदलशील."

या सगळ्या धावपळीत एकच जागा अशी सापडली की तिथे मला बसून राहावंसं वाटे. ती म्हणजे अक्कांची खानावळ.

वसतिगृहांच्या मागच्या गल्लीत ही खानावळ होती. अक्का अक्कलकोटकडच्या. आम्हां पोरांशी मराठीत बोलायच्या आणि चुलीशी कानडीत. रविवारी सकाळी गोडाचं जेवण झालं की संध्याकाळी खानावळ बंद, हा सगळीकडचाच रिवाज. पण अक्कांकडे त्या बंद संध्याकाळी गाणं व्हायचं. बाकं भिंतीला लावायची, चादरी अंथरायच्या आणि बसायचं. पाटी नाही, तिकीट नाही, आभारप्रदर्शन नाही. गायचे ते एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. स्वतःच पेटी वाजवायचे आणि संतांची कानडी वचनं, मराठी अभंग असं मनाला येईल ते म्हणायचे. ऐकायला वसतिगृहातली पोरं, जवळपासचे दोनचार यंत्रमाग चालवणारे आणि आतून भाताच्या पातेल्याला टेकून अक्का. भिंतीत मुरलेला फोडणीचा वास गाण्यात मिसळायचा. मला अजूनही कुठे पेटी ऐकली की भूक लागते.

तबल्यावर पॉलिटेक्निकचा एक शेवटच्या वर्षाचा मुलगा असायचा. त्याला पुण्याकडे नोकरी लागली आणि तो जाणार असं ठरलं. त्या क्षणापासून मला ती जागा हवीशी झाली. तबल्यामागची ती गोल गादी. दोनदा विषय बदलले, दोन खोल्या बदलल्या, पण ही गादी मिळाली तर आपण हलणारच नाही, असं मला वाटायला लागलं. गावात भजनाला ढोलकी बडवलेली होती. तबला काय, तिचाच शिकलेला भाऊ. मी एक जुनी जोडी मिळवली आणि गुरुजींना सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून मी बसतो." गुरुजी म्हणाले, "बघू की."

आता माझ्या खोलीबद्दल सांगायला हवं. ती स्वस्त होती, कारण तिच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. सकाळपासून रात्रीपर्यंत खटाक-खट, खटाक-खट. भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. पहिल्या आठवड्यात माझं डोकं उठलं, पुढे ते ऐकू येईनासं झालं. तबला आणल्यावर तर मला त्या खोलीचा अभिमानच वाटायला लागला. लय धरून देणारं यंत्र फुकटात, तेही न थकणारं. मागाच्या ठोक्यावर मी ठेका धरायचा आणि तासभर वाजवायचा. कधी चुकलो असं झालंच नाही. खोलीत माझ्याबरोबर आमच्याच तालुक्यातला एक सोबती राहायचा. तो पालथा पडून पुस्तक वाचायचा. एकदा मी त्याला ओरडूनच विचारलं, "कसं वाटतंय?"

तोही ओरडून म्हणाला, "गड्या, तुजं वाजतंय का मागाचं, कायच कळंना झालंय."

मी ती दाद समजलो. लयीशी इतका एकजीव झालेला माणूस सोलापुरात दुसरा नसेल, असं मनाशी म्हणत मी तासाचे दोन तास केले.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार आला. गादीवर बसलो. पाय हलत होता, तो मांडीखाली दाबला. गुरुजींनी पेटीवर सूर धरला, डोळे मिटले आणि एक संथ वचन सुरू केलं. खोली इतकी शांत की कंदिलाभोवतीचा किडा ऐकू यावा. त्या दिवशी गल्लीतली वीजही गेलेली होती. पहिली ओळ समेवर आली आणि मी पहिला 'धा' मारला.

पुढच्या रांगेतले तिघे दचकून मागे सरकले. आतून अक्का हातात झारा घेऊन धावत आल्या. "एन बित्तु? काय पडलं?"

"काय न्हाय पडलं," माझा सोबती शांतपणे म्हणाला. "तबला हाय."

अक्कांनी रचलेल्या ताटांकडे एकदा बघून खात्री करून घेतली आणि आत गेल्या. गुरुजी डोळे न उघडता, कानडीत धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "हळू, तम्मा." मी हळू वाजवायला गेलो. पण हळू म्हणजे कसं, हे माझ्या हातांना ठाऊकच नव्हतं. आजवर ते यंत्रावर मात करत आले होते. हळू केलं तर मला काहीच ऐकू येईना, आणि त्याहून वाईट म्हणजे भिंतीपलीकडे खटाक-खट नव्हतं. मी कानाने माग शोधायला लागलो. सापडेना. मग हातांनीच माग सुरू केला. ठेका पळायला लागला, मी त्याच्यामागे आणि गुरुजी बिचारे आमच्या दोघांच्या मागे. वचनात शांत राहण्याविषयी काही होतं, असं नंतर कळलं. शेवटच्या ओळींत गुरुजींना श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

गाणं संपलं.  गुरुजींनी उपरण्याने कपाळ पुसलं. "मला गाडी पकडायची नव्हती, तम्मा."

हसण्याला तेवढंच निमित्त हवं होतं. अक्का आतून म्हणाल्या, "आज लवकर झालं की. बरं झालं, भांडी कंदील विझायच्या आत होतील."

मी तबल्यावर कापड टाकत होतो. गुरुजी जवळ येऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. हात मात्र खिशात घालून ये."

परत येताना मी सोबत्याला म्हटलं, "तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. कायच कळंना झालंय म्हटलं की न्हाय तुला?"

त्या आठवड्यात कारखान्याची वीज एक दिवस बंद पडली. माग थांबले. मी तबल्यासमोर बसलो आणि पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. पत्र्यावर कवठं पडावीत तसं. सोबत्याने पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि उशी कानावर ओढली. मी जोडी खाटेखाली सरकवली.

पुढच्या रविवारी जाऊ नये असंच मनात होतं. चौकापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा पाय थेट खानावळीत घेऊन गेले. पॉलिटेक्निकवाला निघून गेला होता, गादी रिकामी होती. मी दाराशी बाकावर बसलो, तर पाय हलायला लागला आणि बाकही माझ्याबरोबर थरथरू लागलं. अक्कांनी ते आतून पाहिलं. बाहेर आल्या, माझ्यासमोर शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं.

"बा, इल्ली कूड. इथं खाली बस. उद्याच्या चटणीला दाणे पाहिजेत. हाताला काम असू दे."

गुरुजींनी तबल्याविनाच सुरुवात केली. तेच वचन. मी शेंग दाबली, ती कट्कन फुटली. दोघांनी वळून बघितलं. पुढची शेंग मी दोन बोटांत हळू दाबली. आवाज आला, पण आपल्यापुरता. मग मला नादच लागला. ओळ संपायची वाट बघायची, गुरुजी समेवर आले की एक शेंग फोडायची. अधे-मधे नाही. हात शिवशिवायचे, घाई करायचे, मी त्यांना दटावून धरायचो. एवढी ओढाताण मी परीक्षेतही केली नव्हती. गुरुजींनी एकदा डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ आणखी सावकाश घेतली. मुद्दामच, याबद्दल मला शंका नाही.

गाणं संपल्यावर अक्कांनी सूप उचलून बघितलं. शेंगा जवळपास तशाच होत्या, कडेला मूठभर दाणे.

"एवढेच? एवढ्या वेळात?"

"वचन संथ होतं, अक्का," मी म्हणालो.

"मग पुढच्या रविवारी लवकर ये," त्या म्हणाल्या. "शेंगा तशाच ठेवते."

तबल्याची गादी पावसाळ्यात अक्कलकोटच्या एका नव्या पोराला मिळाली. हात मऊ होता त्याचा. मला तो उगीचच रेंगाळतोय असं वाटायचं, आणि ते मी सोबत्याला दर रविवारी परतताना सांगायचो. पुढे मी खोली आणखी एकदा बदलली, विषयही बदलणार होतो. पण कॉलेज संपेपर्यंत दाराशी, सुपासमोर कोणी दुसरा बसायला लागला की अक्का आतून म्हणायच्या, "तिथं नको. ती जागा धरलेली आहे."