जुलियाची ओटी

माझ्या एका इटालियन मैत्रिणीला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दिवस गेले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

तेव्हा मी शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते आणि फुलशेती शिकायला एका सत्रासाठी इटलीतल्या पादोवा गावी गेले होते. (नाशिकजवळ मखमलाबादला आमची तीन पिढ्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती. फुलबाजारातले लोक वडिलांना विचारायचे, "अण्णा, तिकडं झेंडू काय उलटा उगवतो का?") अण्णांचा या प्रकरणाला विरोध होता. शेवटी आईने सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर केलं, "माझी पोरगी दगडाशीसुद्धा मैत्री करील." यावर अण्णा म्हणाले, "करू दे. पण तिथं एकटी बसून रडतीये असं मला कळलं, की दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत आणीन. मग पुढच्या शिक्षणाचं नाव घ्यायचं नाही."

पादोवात दगड भरपूर होते. सगळं गावच दगडाचं. माणसांचं मात्र जमेना. वर्गातली मुलं बहुतेक एकाच पाळण्यात वाढलेली असावीत. तास संपला की घोळक्याने निघून जायची, आणि मी एक वही आणि एक पेन दप्तरात भरायला वीस मिनिटं लावायचे. आपण एकट्या चाललोय हे कुणाला दिसू नये म्हणून. (बघायला कुणी उरलेलंच नसायचं, ही गोष्ट वेगळी.) त्यात दसऱ्यानंतर धुकं पडायला लागलं. इतकं दाट, की सकाळी पुढे केलेला हात दुपारच्या जेवणाला दिसायचा.

मी रोज एका दुकानात जाऊन तांदूळ कुठे आहेत ते विचारायचे. तांदूळ कुठे आहेत हे मला पाठ होतं, पण ती बाई काउंटरमागून उठून माझ्याबरोबर फडताळापर्यंत चालत यायची, तेवढीच सोबत. महिन्याभरात माझ्याकडे अख्ख्या मखमलाबादला वर्षभर पुरेल इतका तांदूळ साठला. एकदा बसच्या ड्रायव्हरने मला नमस्कार केला, तर त्या आनंदात मी तीन थांबे पुढे गेले आणि धुक्यातून चालत परत आले.

दर रविवारी घरून व्हिडिओ कॉल यायचा.

"झाली का गं मैत्री कुणाशी?" आई विचारायची. मागे अण्णा पेपर वाचल्यासारखं करत बसलेले. पेपर उलटा.

"झाली की."

"नाव काय तिचं?"

मला खालचं दार आठवलं. आमच्या इमारतीच्या दारावर घंट्यांची पाटी होती आणि प्रत्येक घंटीपुढे नाव. पहिलंच नाव सांगितलं. "जुलिया. वरच्याच मजल्यावर राहते."

पुढच्या रविवारी मार्को आणि पाओला झाले, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी चौघं. पाटी संपेपर्यंत मला अकरा मित्रमैत्रिणी झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं. आईने सगळी नावं भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवली. मग सुरू झालं, "दाखव तरी एखादीला." मी दर वेळी नवीन कारण काढायचे. मार्को पोहायला गेलाय, पाओलाची परीक्षा आहे.

"आणि जुलिया?"

"तिला बरं नाहीये."

"काय होतंय?"

"मळमळतंय म्हणे."

आई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली, की मला फक्त तिचं कुंकू दिसायला लागलं. "लग्न झालंय?"

"झालंय," मी म्हटलं. तिच्या घंटीपुढे दोन नावं होती, त्यामुळे हे एकच उत्तर पुराव्यानिशी होतं.

"मग कळलं. कितवा महिना?"

मला विचार करायला वेळच मिळाला नाही. मी म्हटलं, "सहावा." आईने आनंदाने अण्णांकडे पाहिलं. मैत्रीण नुसती नव्हती, तर गरोदर होती. आईच्या हिशेबाने एवढी घरोब्याची बातमी परक्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणजे पोरीचं तिथं छान चाललंय.

आता हे प्रकरण इथंच थांबलं असतं. पण दिवाळीनंतर माझी मामी आणि मामा त्यांच्या भिशी मंडळाबरोबर युरोपच्या सहलीला निघाले, आणि व्हेनिस महाग म्हणून सहलवाल्यांनी मुक्काम टाकला पादोवाला! मामीला एक बातमी सांगितली की ती पंचवटीहून नाशिकरोडला रिक्षापेक्षा लवकर पोचते. आईने तिच्याबरोबर चिवड्याची अकरा पाकिटं दिली, प्रत्येकावर नाव घालून. मार्को. पाओला. सगळं ठसठशीत मराठीत. आणि एक वेगळी पिशवी, तिच्यात खण, तांदूळ, हळदकुंकू, डिंकाचे लाडू आणि नारळ.

"सातवा लागला असेल आता," मामी दारातूनच म्हणाली. "ताईंनी सांगितलंय, त्या पोरीचं तिथं कोण आहे करायला, आपल्याकडून तूच तिची ओटी भरून ये. चल. पाऊण तासाने आमची बस सुटतीये."

"मामी, ती गावाला गेलीये."

"गरोदर बाई सातव्यात कुठं जातीये?" मामीने पिशवी काखेत मारली. "हा नारळ मी मामांच्या कानटोपीत गुंडाळून आणलाय. विमानतळावर त्या यंत्रात बघून साहेबाने मामांना बॅगेतली टोपी काढायला सांगितली, तर हे म्हणाले, टोपी डोक्यावर नाहीच आहे. परत न्यायचा नाही मी हा नारळ."

आणि ती जिना चढायला लागली. मी मागून, अकरा पाकिटं छातीशी धरून. दार वाजवताना मी देवाला एकच मागत होते, की घरात कुणी नसू दे.

दार उघडलं. समोर एक म्हातारी. पांढरे केस, हातात काठी, अंगात लोकरी जाकीट, आणि त्यावर बांधलेल्या ॲप्रनखाली चांगलं भरदार पोट.

मामीने पोटाकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पोटाकडे.

"ही आई तिची," मी घाईघाईने म्हटलं. "जुलिया दवाखान्यात गेलीये. तपासायला."

"मग आपण थांबू," मामी म्हणाली आणि चपला काढून आत गेली. म्हातारी काठी सावरत मागे आली. मला इटालियन येत होतं ते तांदळापुरतं. मी तिला विचारलं, तांदूळ कुठे आहेत. तिने निमूटपणे स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

मामी खुर्चीवर बसली, छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "मंगल." मग म्हातारीकडे बोट केलं. (मामीला जगात कुठल्याही भाषेची अडचण आलेली नाही.)

म्हातारीचा चेहरा उजळला. तिनेही छातीवर हात ठेवला. "जुलिया."

मामीने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ तिने माझ्याकडे लहानपणी फक्त एकदाच पाहिलं होतं, मी तिच्या शालूवर वरण सांडलं तेव्हा.

"सातवा?" ती म्हणाली.

मी खाली मान घातली.

"धाडसाची आहे बाई," मामी म्हणाली.

मग तिची नजर भिंतीवर गेली. एका म्हाताऱ्याचा फोटो, खाली छोटा दिवा. टेबलावर एकच कप, एकच बशी. मामी बराच वेळ त्या कपाकडे पाहत राहिली. नाशिकला तिने विधवेची ओटी भरली असती तर तिच्या सासूने स्वर्गातून परत येऊन तिला झोडपलं असतं. मामीने हळदकुंकवाची डबी उघडली.

"मामी, अगं, ते गेलेत..."

"दिसतंय मला. ताईंनी जुलियाची ओटी भर म्हणून सांगितलंय. नवऱ्याचं काही विचारलेलं नाही."

तिने म्हातारीच्या कपाळाला कुंकू लावलं, ॲप्रनचा पदर पसरायला लावला आणि त्यात तांदूळ, खण, नारळ, लाडू सगळं घातलं. म्हातारी नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली, आणि मग एकाएकी तिने मामीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मामांनीसुद्धा चारचौघांत कधी असा प्रकार केला नसेल.

तेवढ्यात आईचा फोन. आता आईचा शब्द खोटा पडणार, अण्णा तिकीट काढणार. मामीने फोन घेतला. "हां ताई, भेटली जुलिया. मजेत आहे. हो, हो, पोट दिसतंय की चांगलं. दाखवायला नको, लाजतीये ती."

जिना उतरताना ती म्हणाली, "बाकीचे दहा पण असेच का?"

"बाकीचे कुणीच नाहीत, मामी."

खाली बसचा हॉर्न वाजत होता. मामी दोन पायऱ्या उतरून वळली. "एवढा चिवडा एकटीने खाऊ नकोस, घसा धरेल. रोज थोडा वर घेऊन जात जा."

गेले. रोज संध्याकाळी गेले. जुलिया चिवडा चमच्याने खायची आणि पत्त्यांत लबाडी करायची. ती इटालियनमध्ये बोलायची, मी मराठीत, आणि दोघींचं सगळ्या शेजाऱ्यांबद्दल एकमत असायचं. मार्को, पाओला वगैरे मंडळींची नावं मी पुन्हा काढली नाहीत. रविवारी मात्र जुलियाच्या बाळंतपणाची प्रगती सांगावीच लागायची. आठवा, नववा, आणि जानेवारीत मुलगी झाली. तीन किलोची. अण्णा पेपरामागून म्हणाले, "वजन चांगलंय."

परत आल्यावर एके दिवशी गोठ्यामागे बसून आम्ही झेंडूच्या माळा गुंफत होतो. आई मान वर न करता म्हणाली, "मामीने त्याच दिवशी बसमधून फोन केला होता मला."

माझ्या हातातला दोरा सुटला. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुझ्या अण्णांनी बोलू दिलं नाही."

"अण्णांना माहीत होतं?"

"मंगलचा फोन स्पीकरवरच होता. तिकीट काढायचं का म्हणून मीच विचारलं. तर म्हणे, राहू दे, एक म्हातारी तरी खरी आहे." आईने गाठ मारली. "पण तीन किलो म्हणालीस तेव्हा त्यांना उठून बाहेर जावं लागलं. हसू आवरेना."

म्हणजे मी सगळ्या खानदानाला फसवत होते, त्या काळात, मामीच्या फोनापासून, सगळं खानदान दर रविवारी तोंडं सरळ ठेवून माझा कार्यक्रम बघत होतं. मामा तर त्यासाठी खास मखमलाबादला यायचे.

माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला तो फक्त जुलियाने. तिला काळजी वाटू नये म्हणून मी तिला निघताना मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं होतं, की नाशिकला माझ्या पुष्कळ मैत्रिणी आहेत, रोज घरी येतात. खरं तर एक पुण्याला गेली, एक लग्न होऊन इंदूरला, आणि संपल्या. मी आता दिंडोरी रोडला रोपवाटिका चालवते. परवा दुपारी जुलियाचा फोन आला. पंच्याऐंशी वर्षांची झाली, आवाज तसाच. "तुझ्या मैत्रिणी कशा आहेत?" तिने विचारलं.

"छान आहेत," मी म्हटलं. "आत्ताच जेवून गेल्या."

समोर शेवंतीची चारशे रोपं ओळीने उभी होती. एकानेही मला खोटं पाडलं नाही.