अण्णांनी निवडलेला कॉम्प्युटर

पुण्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं ते थोडक्यात असं: घरून काम करायला आमची हरकत नाही, पण कॉम्प्युटर तुमचा, स्क्रीन दोन हव्यात, आणि सोमवारी सकाळी तुम्ही कामाला लागलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर ऑफिसात या. मी त्या कंपनीत बिलं तपासायचं काम करते. बिलं गावी, तेरमध्ये बसून तपासली काय नि पुण्यात बसून तपासली काय, बिलांना त्याचं काहीच नसतं. मला होतं. आई गेल्यापासून तेरच्या घरात माझे वडील, अण्णा, एकटेच, आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नाहीत, वर हात थरथरतो. आई होती तोवर ती टोचायची. आता मी टोचत होते, आणि माझी रजा संपत आली होती. कॉम्प्युटर झाला तर मी राहणार होते, नाही झाला तर जाणार होते.

आईच्या दवाखान्यात साठवलेलं सगळं गेलं होतं, त्यामुळे चांगल्या लॅपटॉपचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. सुटे भाग आणून जोडला तर स्वस्तात पडतो, असं जो तो सांगत होता. म्हणून मी व्हिडिओ बघायला बसले. त्यातली पोरं 'बजेट' म्हणायची आणि माझ्या दोन पगारांचं ग्राफिक कार्ड दाखवायची. बिलांसाठी ग्राफिक कार्ड लागत नाही एवढं कळायलाच मला दोन दुपारी लागल्या. शेवटी यादी ठरली. ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर, त्याला चालेल असा मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, फायली साठवायला छोटी एसएसडी, एक नवी स्क्रीन, एक जुनी. आणि यूपीएस, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल हे लाइटलाही माहीत नसतं.

भाग आणायला सोलापूरला निघाले, तर अण्णा म्हणाले, मीपण येतो. तेरच्या स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ संपले, टीव्ही भिंतीला चिकटले, आता मिक्सर आणि पंखे येतात. पण कुठल्याही वस्तूला स्क्रू असला की तिच्यात आपलं काहीतरी चालतं, असं अण्णांना वाटतं. आई गेल्यापासून ते दुकानाचं शटर अर्धंच उघडून आत बसून राहायचे. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नको म्हणायची माझी काय हिंमत होणार?

सोलापूरच्या दुकानात ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन तोलत होते. ट्रान्सफॉर्मर जड तो चांगला, या हिशेबानं त्यांनी उभा जन्म काढलेला. पॉवर सप्लाय त्यांनी असाच पसंत केला, दोन्ही तळव्यांवर एकेक ठेवून. काच आणि रंगीत दिवे असलेली कॅबिनेट बघून विचारलं, हे शोकेस आहे का? आणि बोटाच्या पेरानं वाजवून एक साधी काळी पेटी बाजूला काढली. एसएसडी मात्र त्यांना पटेना. च्युइंगमच्या पुड्यासारखी ती पट्टी त्यांनी उलटसुलट केली, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे घेतात म्हणजे आपली फसवणूकच चालली आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुकानदार सज्जन होता. त्यानं सांगितलं, मागच्या पिढीतला प्रोसेसर घेतला तर बरेच पैसे वाचतील आणि बिलांना तो रगड आहे. फक्त त्याला चालणारे बोर्ड आता येईनासे झालेत, हा आमच्याकडचा शेवटचा. मी हिशेब केला. वाचलेल्या पैशांत यूपीएस बसत होता, म्हणून हो म्हटलं. मग त्यानं विचारलं, जोडून देऊ का, मजुरी वेगळी पडेल.

अण्णा ताठ झाले. "म्या कशाला हाय मग? घरी जोडतो की."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी अण्णांच्या आवाजात जीव आला होता, तो मला ऐकू येत होता. मी खोकी बांधायला सांगितली. येताना एसटीत पेटी मांडीवर घेऊन ते तुळजापूरपर्यंत शेजारच्या माणसाला सांगत होते की लेकीचं ऑफिस आता घरातच येणार आहे. मला फार बरं वाटत होतं, हे आता सांगताना लाज वाटते इतकं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर चादर अंथरली आणि सगळे भाग ओळीनं मांडले. बोर्ड कसा बसवायचा याचा व्हिडिओ मी त्यांना दोनदा दाखवला. तेवढ्यात चुलीवर ठेवलेलं पाणी उकळलं म्हणून मी आत गेले. बाहेर आले तेव्हा अण्णांनी बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेचं प्लास्टिकचं झाकण काढून टाकलं होतं आणि स्पिरिटात बुडवलेला दाताचा ब्रश घेऊन ती जागा घासत होते. रेडिओच्या काळापासूनची त्यांची सवयच ती. नवं असो, जुनं असो, कॉन्टॅक्ट घासल्याशिवाय कुठलीही वस्तू बसवायची नाही. त्या चौकोनात केसाहून बारीक शेकडो पिना असतात आणि त्यांना बोटसुद्धा लावायचं नसतं. अण्णांना पिना दिसतच नव्हत्या. त्यांना नुसता सोनेरी चौकोन दिसत होता आणि तो ते मन लावून चकचकीत करत होते.

मला राग आला, फार राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मी खाली बसले आणि मोबाइलवर त्या चौकोनाचा फोटो मोठा करून बघितला. वाऱ्यानं झोपवलेल्या ज्वारीसारखा एक पट्टा आडवा झाला होता.

दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. अण्णा समोरच होते, मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, पिना वाकल्यात याच्या. कुणी हात लावला होता का?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "म्या ब्रश मारला."

दुकानदार हळू आवाजात म्हणाला की अशा बोर्डाला वॉरंटी लागत नाही, दुसरा मागवावा लागेल, बाहेरून यायला आठ-दहा दिवस तरी जातील, आणि पैसे पुन्हा पडतील. ओरडला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

अण्णांनी सुई मागितली, भिंग मागितलं. भिंगाखाली हात धरला आणि सुईचं टोक त्या चौकोनावर नाचायला लागलं. त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं आवळून धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. मग त्यांनी सुई माझ्या हातात दिली. मी काही पिना उभ्या केल्या. मग एक तुटली. तिथून पुढं आम्ही दोघंही तिच्याकडे नुसते बघत राहिलो.

साहेबांना आणखी दहा दिवस मागितले. ते रागावले नाहीत. इथं टेबल आहे, मशीन आहे, तुम्ही या, घरून कामाचं नंतर बघू, असं म्हणाले. 'नंतर बघू'चा अर्थ नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

शनिवारी अण्णांना धाराशिवला डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांना आता एकटं राहायचं आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी सिरिंज बंद करून इन्सुलिनचं पेन दिलं. त्याची चकती फिरवली की दर युनिटाला एक टक वाजतो. रेघा बघायला नकोत, टक मोजायचे, अण्णांच्या डोसाला बारा. अण्णांना हे लगेच जमलं. आयुष्यभर नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखलेला माणूस, कान तयार होता. डॉक्टरांसमोर डोळे मिटून त्यांनी बरोबर बारा टक मोजून दाखवले आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सहन झालं नाही. मी पुण्याला जावं म्हणून ते परीक्षा पास होत होते, आणि जाऊ नको असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ अण्णा मला फोन लावतात, पेन फोनजवळ धरतात आणि चकती फिरवतात. ते तिथं मोजतात, मी इथं पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मोजते. बारा झाले की ते 'झालं' म्हणतात, मी 'बरोबर' म्हणते, मग टोचतात. गावाकडची रेंज चांगली असली तर हे सगळं नीट होतं.

गेल्या आठवड्यात मी चौदा मोजले. अण्णा म्हणाले, झालं.

मी म्हटलं, "थांबा अण्णा. दोन जास्त झालेत. मागं फिरवा."

"बाराच हायत. म्या मोजलंय की."

"चौदा झालेत."

त्यांनी चकती शून्यावर नेली आणि पुन्हा फिरवली, या वेळी सावकाश, प्रत्येक टकाबरोबर तोंडानं आकडा म्हणत. सातानंतर दोन टक वाजले आणि आठ एकदाच म्हटला गेला. पुढं पुन्हा तसंच झालं. त्यांनी बारा म्हटलं तेव्हा चौदा झाले होते. मी सांगितलं, पुन्हा चौदाच झाले.

"म्हंजी आता कान बी गेला व्हय गं?"

जिन्यातून लोक वर चालले होते. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, दोन मागं घ्या, अण्णा. पलीकडून एक टक ऐकू आला. दुसऱ्याची मी वाट बघत राहिले.