सात सेकंदांची किंकाळी

१९८७च्या मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी अडीच वाजता, डोरीन काझमेरेक घाबरली. तोवर घाबरणं हा प्रकार तिला फारसा ठाऊक नव्हता. नॉर्थ हॉलिवूडच्या त्या रेकॉर्डिंग स्टुडिओत ती एकोणीस वर्षं टेपची मशीनं सांभाळत होती. ओठांना लाली, डोळ्यांत काजळ आणि बिबट्याच्या ठिपक्यांच्या घट्ट तुमानी घातलेल्या रॉक बँडवाल्या पोरांना ती सरळ दम द्यायची. केसांचा फवारा आत मारला तर मशीनवर चिकट थर बसतो, म्हणून भल्याभल्या स्टार मंडळींना तिने पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं होतं.

त्या दुपारी 'चेरी कोब्रा' बँडचा ड्रमवाला काचेपलीकडे खंजिरी वाजवत होता. मशीनवर चोवीस ट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाजाचा वेगळा पट्टा, आणि प्रत्येकाचं एक बटण. बटण दाबलेलं असलं की त्या ट्रॅकवर नवं उमटतं आणि जुनं पुसलं जातं. म्हणून एक काम संपलं की आधी त्याचं बटण काढायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. डोरीनने तो कित्येकांना डोळे वटारून शिकवला होता, आणि आज सकाळच्या गाण्याचं बटण काढायचं तीच विसरली.

खंजिरी थांबली तेव्हा तिला एकाऐवजी दोन बटणांचे लाल दिवे दिसले. चौदाव्या ट्रॅकवर गायक डस्टीने सकाळी गायलेला शेवट होता. तिने टेप मागे घेऊन ऐकली. सात सेकंद नुसती शांतता.

डस्टी ऑरविग, बेकर्सफील्ड गावचा, म्हणजे बँडचा गळा. सकाळी तो तर्र होता. गाऊन झाल्यावर सोफ्यावर आडवा झाला तो झालाच, शेवटी नंतर आलेल्या ड्रमवाल्याने त्याला गाडीत घालून घरी सोडला. निर्माता बर्ट हॅलोरन तेव्हा बाहेर फोनवर होता. म्हणजे तो शेवट शुद्धीत ऐकलेलं माणूस एकच, डोरीन. झाली चूक सांगून टाकावी, हे तिला सुचलं नाही असं नाही. पण बायकांना मशीनपाशी बसू देऊ नये म्हणणारे त्या गल्लीत पैशाला पासरी होते. बर्टने एक फोन फिरवला असता तर तिला कुणी दारातही उभं केलं नसतं.

ड्रमवाला जेवायला गेला. डोरीनने त्याच गाण्याच्या मधल्या ध्रुवपदातली डस्टीची किंकाळी दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतली. शेवटचं ध्रुवपद अर्धा सूर वर चढत होतं, त्या काळी अशा गाण्यांची ती रीतच. म्हणून तिने टेपचा वेग किंचित वाढवला, किंकाळी अर्धा सूर वर नेली आणि रिकाम्या जागी नेमकी बसवली. तिसऱ्या प्रयत्नात बसली.

बर्ट परतला आणि ऐकता ऐकता उठून उभा राहिला.

"थांब, थांब! हे त्याने गायलं? कधी?"

"सकाळी."

"आणि मी कुठे तडमडलो होतो?"

"फोनवर. तुझ्या बायकोच्या वकिलाशी, घटस्फोटाचं."

"गेली चुलीत ती बाई आणि तिचा वकील! डोरीन, या किंकाळीवर अल्बम विकला जाईल बघ."

आता सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी डस्टीने ऐकलं आणि त्याचा आ वासला. स्टुडिओतली सगळी पोरं डोरीनला 'मा' म्हणायची, तोही म्हणायचा.

"मा, हा मी?"

"आवाज तुझाच आहे."

"बाप रे! किती प्यालो होतो मी?"

अल्बम उन्हाळ्यात आला आणि वीस लाख खपला. जिकडे जावं तिकडे तेच गाणं. वाणसामानाच्या दुकानात ते लागलं की डोरीन आजूबाजूच्या गिऱ्हाइकांची तोंडं बघायची. आता कुणीतरी थबकेल, म्हणेल, हा जोड आहे, हे गायलेलं नाही. कुणी म्हणालं नाही. कंपनीने वीस लाखांच्या खपाची आठवण म्हणून तिलाही चौकटीतली चकचकीत तबकडी पाठवली. तिने ती कपडे धुण्याच्या मशीनमागे ढकलली. रेडिओ ऐकणं बंद केलं. फोन वाजला की ती दचकायची.

ऑक्टोबरमध्ये एका संगीताच्या मासिकात चार ओळी आल्या. टल्सा शहरातल्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला डस्टी ऑरविगच्या तोंडातून रक्त आलं. ओमाहाचा कार्यक्रम रद्द. लोक ज्या किंकाळीसाठी तिकिटं काढतात, ती काढताना गळा फाटला.

डोरीन त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. सात महिने आपण भलत्याच गोष्टीला भीत होतो, हे तिला कळलं. पोरगा रोज संध्याकाळी कुणाच्याच गळ्यात नसलेला सूर गाठायला धडपडत होता, आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होता.

बँड लॉस एंजेलिसला आला त्या दिवशी दुपारीच ती हॉलवर पोचली. कपडे बदलायच्या खोलीत डस्टी गळ्याला शाल गुंडाळून गरम पाण्यात मध ढवळत होता. गालांवरच्या लालीखाली गाल उरले नव्हते.

"मा! कुणाच्या अंत्ययात्रेला आलीस? तोंड बघ तुझं." आवाज सगळा खरखरीत.

"डस्टी, आज ती किंकाळी मारू नकोस."

"अन् खाली पंधरा हजार लोक काय माझे केस बघायला येतात?"

"ती तू गायलीच नाहीस." मग तिने एका दमात सगळं सांगितलं: बटण, खंजिरी, दुसरं मशीन, वाढवलेला वेग. सांगताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तो उठून काहीतरी फेकून मारेल, असं तिला वाटत होतं. मारलं असतं तर बरंच झालं असतं.

डस्टीने चमचा पेल्यातून काढून बाजूला ठेवला.

"मला वाटलं, मी संपलो," तो म्हणाला. "चोविसाव्या वर्षी. आईला फोन करून रडलो मी."

"चुकलं माझं. मी घाबरले रे."

"डॉक्टर म्हणतो, सोमवारी गळा कापू. नंतर आवाज राहील की नाही, त्याची खात्री नाही." त्याने पेला खाली ठेवला. "मग मी काय गायलो होतो त्या सकाळी?"

ते ऐकलेली जगात ती एकटी. डोरीनला गाता येत नव्हतं, तरी तिने घसा खाकरून गाऊन दाखवलं. किंकाळी नव्हतीच ती. खालच्या सुरातली एक साधी ओळ, शेवटी हळूच विझणारी.

डस्टीने तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग ओठ न उघडता तीच ओळ स्वतःशी गुणगुणून पाहिली. गळ्याला जराही ताण पडला नाही.

"मा," तो म्हणाला, "हे तर मी म्हातारा होईपर्यंत गायलो असतो."