गोठ्याबाहेरचा टेंपो

आमच्या वाकडच्या सोसायटीत नाताळ डिसेंबर लागला की लगेच येऊन बसतो. लिफ्टपाशी प्लास्टिकचं झाड, वॉचमनच्या डोक्यावर लाल टोपी, ग्रुपवर कोण कोणाला काय भेट देणार याची चर्चा. यंदा एका बाईंनी मला लिफ्टमध्येच गाठलं. "तुमचाच सण ना हा, मग तुम्हीच पुढाकार घ्या." मी हो म्हणाले. घ्यायचा नव्हता, पण नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि उन्हाळ्यापासून तो माझ्यात उरलेला नाही.

उन्हाळ्यात दादा गेला, माझा थोरला भाऊ. चाकणहून कंपनीतून परत येताना गाडी घसरली. बाकी सांगण्यासारखं काही नाही. लोक विचारतात, रडलीस का, मोकळी हो. नाही आलं रडू, काय करू. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झालेय. हात लावलेला कळतो, एवढंच.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "ये. गव्हाण मांडायची आहे."

"पप्पा मांडणारेत?"

"ते खुर्चीतून उठतील तर मांडतील ना. जेवायला बोलावलं की तुम्ही जेवा म्हणतात. यंदा गव्हाण राहिली तर ते पुन्हा कशालाच हात लावायचे नाहीत. बसल्या जागी संपेल गं माझा माणूस."

आई अशी बोलणारी बाई नाही. मी सुट्टी टाकली आणि पिंपरीला गेले.

पप्पा नगर जिल्ह्यातून इथं आले ते कंपनीच्या पॅटर्नशॉपमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लोखंडी भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा करायचा. त्यासाठी त्या लोकांची पट्टीच वेगळी असते. दिसायला आपल्या पट्टीसारखी, पण तिच्यावरचा सेंटिमीटर जरासा लांब. कामावर असताना पप्पांच्या खिशात कायम तीच.

आम्ही लहान असताना एका नाताळला त्यांनी दोन वस्तू केल्या. दादासाठी लाकडी टेंपो, आणि बाळ येशूच्या गव्हाणीसाठी गोठा. टेंपो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कंपनीत केला, तिथल्या पट्टीनं. गोठा घरी केला, माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीनं. टेंपोनं कडबा घेऊन थेट गोठ्यात शिरायचं, असा त्यांचा बेत होता. दाराचं माप त्या हिशेबानंच घेतलेलं. आणि आदल्या संध्याकाळी, शेजारपाजारचे बघायला जमलेले असताना, टेंपो दारात अडकला. केसाएवढा जास्त रुंद. आयुष्यभर मापात जगलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. आई म्हणाली, "कंपनीत काय करता हो तुम्ही?" सगळे हसले, मग तेही हसले.

पॉलिश पेपर मारला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण दादानं टेंपोला स्वतः रंग दिलेला, फाटकाचा उरलेला निळा. तो टेंपो पोटाशी धरून बसला. घासू देईना. त्याची समजूत काढायला पप्पा म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी बघू." त्या वर्षी टेंपो गोठ्याच्या बाहेर, मेंढरांच्या रांगेत उभा राहिला.

मग ते दरवर्षीचंच झालं. करंज्यांचा डबा उघडायच्या आधी गव्हाण मांडायची, बाळ ठेवायचं, मग दादानं टेंपो हातात घेऊन विचारायचं, "पप्पा, यंदा तरी गाडी आत जाईल का?" पप्पांनी चष्मा वर करून दार बघायचं, टेंपो बघायचा आणि म्हणायचं, "पुढच्या वर्षी बघू." माझी बाहुली, भोवरे, चावीचं माकड कधीच भंगारात गेली. टेंपो राहिला. दादाला मिशी आली, नोकरी लागली, केस पांढरे व्हायला लागले, तरी विचारायचा. मी चिडवायचे, घोडा झालास आता, पुरे कर. तो म्हणायचा, "तू गप. ही आमची दोघांची मीटिंग आहे."

मी पोचले तेव्हा गॅलरीत नाताळची चांदणी नव्हती. दुःखाचं घर, आईनं लावली नसणार. पण करंज्या चालल्या होत्या. "कॅरल गाणारी मुलं येतील संध्याकाळी, त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं," ती म्हणाली आणि सारणाची वाटी पुढे ओढली. पप्पा खुर्चीत होते. मी माळ्यावरून खोका काढला, मेजावर गोठा ठेवला, गवत पसरलं, मेंढरं लावली. मरिया, योसेफ, बाळ. हात आपोआप चालत होते. टेंपो निघाला तेव्हाही मला काही झालं नाही. निळा रंग कोपऱ्यांवर उडालाय, एक चाक डुगडुगतंय, हे दिसलं. मी तो मेजावर ठेवला.

पप्पा उठले. मला वाटलं, चला, आईचं काम झालं. ते आत गेले आणि पॉलिश पेपर घेऊन आले. टेंपो उचलला, उजेडाला धरला.

"आज संपवून टाकतो," ते म्हणाले. "उगाच राहून गेलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ. माझ्याकडे बघत राहिली. पप्पांनी पेपरची घडी घातली, अंगठ्यानं दाबून बसवली, कंपनीत घालत असतील तशी नीट. मला एवढंच कळलं की हे घासून झालं, टेंपो आत गेला, की हा माणूस खुर्चीत जाऊन बसेल आणि मग उठायला त्याला काही कारणच उरणार नाही.

मला रडू आलं नाही. भाजीचा भाव विचारावा तशा कोरड्या आवाजात मी म्हणाले,

"पप्पा, यंदा तरी गाडी आत जाईल का?"

पेपर टेंपोला टेकलेला होता. तो तिथंच थांबला. पप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग त्यांनी चष्मा वर केला. दार बघितलं. टेंपो बघितला.

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

टेंपो त्यांनी मेंढरांच्या शेजारी उभा केला, डुगडुगतं चाक बोटानं सरळ केलं, आणि आईला म्हणाले, "करंजी दे एक."