गोंद लावलेलं दीपगृह

आमच्या ऑफिसात सगळे काहीतरी बांधतात आणि मी तोडते. म्हणून पाठीमागे मला सगळे 'बुलडोझर' म्हणतात. म्हणेनात का. तोंडावर 'ताई' म्हणतात तेवढं पुरे.

आमची कंपनी लहानशी. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचे संच विकते. कधी पूल, कधी रेल्वे स्टेशन, कधी पाणचक्की. हे ज्यांच्या डोक्यातून निघतं ते डिझायनर घरी बसून काम करतात. एका वेबसाइटवर जायचं, बाजूच्या रकान्यातून वीट उचलायची, ओढत आणून सोडायची. मग दुसरी, मग तिसरी. सगळं उभं राहिलं की रेंडरचं बटण दाबायचं. थोड्या वेळात संगणक असं काही चित्र काढून देतो की विटांवर ऊन पडलंय, सावली लांबलीय, खिडकीच्या काचेत आभाळ दिसतंय. बघणाऱ्याला वाटतं, हात घालून उचलावं. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. त्या स्क्रीनवर वजन नावाची गोष्टच नाही. दोन विटा एकमेकींत घुसल्या तर ते टूल लाल होऊन बोंब मारतं. पण अख्खी इमारत विटेच्या डोक्यावरच्या एका बारक्या बटणावर लोंबकळत असली तरी त्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

म्हणून आमच्याकडे नियम आहे. डिझायनरने आपलं मॉडेल स्वतःच्या हाताने, आपणच केलेल्या पायऱ्यांच्या पुस्तकावरून एकदा बांधायचं आणि ऑफिसात द्यायचं. मग मी ते शेवटच्या पायरीपासून उलटं सोडवत जाते. वीट सुटताना हाताला कळतं, ती खरोखर धरून होती की नुसती टेकून बसली होती. आणि एक गोष्ट आमच्यात कोणी करत नाही. गोंद लावत नाही. ते परीक्षेत कॉपी करण्यापेक्षा वाईट. कॉपी करून निदान उत्तर तरी बरोबर येतं.

तर ही हकीकत वहिनींची. वहिनी म्हणजे आमच्या 'ओळंब्या'ची बायको. ओळंबा पूर्वी बांधकामावर मुकादम होते. भिंत कललेली असली तर दोरी न सोडता, नुसत्या नजरेने सांगायचे, त्यावरून गवंड्यांनी ठेवलेलं हे नाव. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. काम सुटलं. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने एकदा येऊन संगणकावर ती वेबसाइट उघडून दिली. "बाबा, आईचं डोकं खाण्यापेक्षा हे खेळत बसा," म्हणाली. ते खेळत बसले. त्यांनी टाकलेली चित्रं आमच्या साहेबांच्या नजरेस पडली आणि घरबसल्या पुन्हा काम मिळालं.

वहिनी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवतात. लग्नाच्या आधीपासून. अख्खा शर्ट त्यांनी आजवर शिवलेला नाही. शेजारून कापलेलं कापड येतं, यांच्या मशीनखालून कॉलर होऊन पुढे जातं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, निम्म्या गावाच्या माना तुमच्या हातात आहेत." तर म्हणाल्या, "असतील. माझी तेवढी दुखते." त्यांचं बोलणं असंच. हसायचं की गप्प बसायचं ते आपण ठरवायचं.

घर सायकलदुरुस्तीच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की विटांचं खोकं छातीशी धरून आडवं चढावं लागतं. मी पलीकडच्या गल्लीत राहते, म्हणून विटा पोचवायचं आणि झालेलं मॉडेल आणायचं काम माझ्याकडे. बाहेरच्या खोलीत ओळंब्यांचा संगणक, आतल्या स्वयंपाकघरात घडीचं टेबल. त्या टेबलावर भाजी चिरायची, इस्त्री करायची आणि विटाही बांधायच्या.

संगणकावर ओळंब्यांचं झकास चालायचं. त्या टूलमध्ये वीट जागेच्या जवळपास आणून सोडली की ती आपली आपण खटकन बसते. हात कितीही हलू दे, वीट सरळ. मी एकदा त्यांच्या मागे उभी राहून बघत होते. माउसचा बाण माशीसारखा स्क्रीनभर भिरभिरत होता आणि भिंत मात्र एका रेषेत वर चढत होती. त्यांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता, तो बघून मला फार वाईट वाटलं. खऱ्या विटेला माणसाची एवढी दया नसते.

सुरुवातीला ते स्वतः बांधायचे. नंतर जमेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा मी आले की त्यांचा हात खिशात जायला लागला. मॉडेलं मात्र येत राहिली, उलट पहिल्यापेक्षा नीटनेटकी. एका पुलाच्या दोन विटांच्या फटीत मला निळा दोरा सापडला. शर्टाच्या कॉलरीला असतो तो. त्यावरून काय ते समजले आणि मी कानाडोळा केला. 'स्वतःच्या हाताने' असं नियम म्हणतो. नवराबायकोचे हात वेगळे धरायचे का, ते नियमात नाही.

एका रविवारी मॉडेल न्यायला जरा लवकर गेले, तर दोघांचं चाललेलं होतं. वहिनी टेबलाशी वाकलेल्या. ओळंबा समोर खुर्चीत, मांडीवर पायऱ्यांचं पुस्तक.

"बसलं का?"

"बसलं."

"मग पुढची. लाल घे. अगं ती नाही, लांब. बसलं का?"

एखादी वीट बसली नाही तर त्यांचा पारा चढायचा. "स्क्रीनवर बसते, मग तुझ्याच हातात का बसत नाही?" वहिनी तीच वीट काढून पुन्हा बसवत होत्या. बादलीत कपडे भिजत पडलेले, आणि त्या मधूनमधून एका हाताने मान दाबत होत्या. सुट्टीचा दिवस कसा घालवू नये याचा तो नमुना होता. मला खुर्ची दिली, पण मी बसले नाही.

मग आलं दीपगृह. ओळंब्यांनी त्यात जीव ओतला होता. गडद लाल, वर निमुळतं होत जाणारं, आणि माथ्याशी चारी बाजूंनी बाहेर झेपावलेली गॅलरी, तिच्यावर दिव्याची खोली. खालून टेकू नाही, काही नाही. रेंडर असं झालं होतं की साहेब हुरळून गेले. साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. हाताने बांधलेलं यायच्या आतच त्यांनी ते चित्र कंपनीच्या पानावर लावलं आणि खोकी छापायला टाकली. मी चित्र बघितलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. कललेली भिंत ओळखायला डोळा पुरतो, पण वीट किती भार पेलते हे हाताला माहीत असतं, आणि ओळंब्यांच्या हाताने खरी वीट धरून फार दिवस झाले होते.

सोमवारी सकाळी मी ते दीपगृह बसमध्ये मांडीवर घेऊन ऑफिसात आणलं. हललंसुद्धा नाही. टेबलावर ठेवून सोडवायला घेतलं. दिव्याची खोली सुटली, कठडा सुटला. गॅलरी सुटेना. विटा उचकटायचं आमचं प्लास्टिकचं पातं असतं, ते घातलं तर पातंच वाकलं. क्षणभर मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, काय बसवलंय! मग खिडकीशी नेऊन बघितलं. लाल विटांच्या सांध्यावर पांढुरकी झाक होती. झटपट चिकटणारा गोंद सुकताना सोडतो तशी.

माझं डोकंच फिरलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गप्प बसावं तर संच घरोघर जाणार आणि घरोघर गॅलरी कोसळणार. बोलावं तर ओळंब्यांचं काम आजच जाणार, आणि ते काम गेलं की त्या माणसाला हात न थरथरणारी जागाच उरणार नाही. साहेबांना म्हटलं, उद्या सांगते. दीपगृह पिशवीत घातलं आणि संध्याकाळी थेट त्यांच्या घरी गेले.

ओळंबा स्क्रीनसमोर होते. "काय ताई, सुटलं का नीट?" त्यांनी विचारलं. मी "वहिनींशी काम आहे" म्हणून आत गेले. वहिनी नुकत्याच कामावरून आलेल्या, भाजी चिरत होत्या. मी पिशवीतून दीपगृह काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, हात धुतले, पुसले आणि दार लोटून घेतलं.

"कळलं ना तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"न कळायला काय झालं? तोडायचाच धंदा आहे माझा."

"बसतच नव्हतं हो. एका बाजूची बसवली की दुसरी घेईपर्यंत पहिली खाली. दोन हातांचं काम नाही ते."

"मग नाही बसत म्हणून सांगायचं त्यांना! गोंद? वहिनी, गोंद?"

येताना बसमध्ये मी त्यांचं उत्तर मनात ठरवून ठेवलं होतं. त्या म्हणणार, त्यांचं मन मोडवेना. मग मी विरघळणार, डोळे पुसणार आणि काहीतरी मार्ग काढणार. तसं काही झालं नाही.

"खरं सांगू का ताई? मला कंटाळा आला होता," वहिनी म्हणाल्या. "प्रेमाबिमाने नाही केलं. आठवडाभर कॉलरी, रविवारी विटा. त्या दिवशी मान अशी धरली होती की वळवता येत नव्हती. आणि ते समोर बसून, बसलं का, बसलं का. चपलेला लावायला आणलेला गोंद खणात होता. ते फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले, तेवढ्यात लावला. आले तेव्हा म्हटलं, बसलं. आणि कपडे धुवायला गेले."

दार उघडलं. ओळंबा उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. त्यांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि दीपगृह उचललं. ते त्यांच्या हातात लटलटत होतं. अंगठा घालून त्यांनी गॅलरी वर ओढली. पुन्हा ओढली.

"मला वाटलं, जमलं," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणालाच नाही, नुसतंच. मग बायकोकडे वळले. "सांगायचं होतंस. नाही बसत म्हणाली असतीस तर मी दुसरं काही काढलं असतं."

"बसलं का, हे विचारत होतात," वहिनी म्हणाल्या. "दमलीस का, हे एकदा तरी विचारलंत?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. ओळंब्यांनी दीपगृह टेबलावर ठेवायला घेतलं. त्याचा तळ नीट टेकेना, सारखा कडेवर वाजत होता. माझा हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला, कारण वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. त्या नवऱ्याच्या हातांकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता. मला त्या दोघांची कीव आली, आणि तिथे उभं राहिल्याबद्दल स्वतःचीही लाज वाटली. मी न सांगता जिना उतरले.

मला तोंड उघडावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी ओळंब्यांनी स्वतः साहेबांना फोन केला. हात कोणाचे होते, गोंद कोणी लावला आणि का लावावा लागला, सगळं सांगितलं. 'का'चा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. साहेबांनी थोडी आदळआपट केली, दीपगृहाचं चित्र काढून टाकलं, छापलेली खोकी रद्दीत गेली. पण माणूस वाईट नाही. त्यांनी ओळंब्यांना वेगळं काम दिलं. दुसऱ्यांनी रचलेल्या मॉडेलांचं नुसतं रेंडर करायचं. ऊन कुठून येतंय, सावली कुठे पडतेय, कॅमेरा कुठे धरायचा, एवढंच. बांधायचं काही नाही. ओळंब्यांनी निमूट घेतलं. चित्रं छान करतात. आयुष्य उन्हात काढल्यामुळे भिंतीवर ऊन कसं सरकतं ते त्यांना कोणी शिकवायला नको. पण आता फोनवर 'सुटलं का नीट?' असं विचारत नाहीत. माझं त्या जिन्यावर जाणंही थांबलं.

परवा वहिनी बसथांब्यावर भेटल्या. तब्येत जरा बरी दिसली. मी विचारलं, "आता रविवारी काय करता?"

"झोपते दुपारची."

"चांगलं झालं की."

"हो." त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी पडले की ते येतात. दारात उभे राहतात. बराच वेळ. काहीतरी विचारायचं असतं, कळतं मला."

"मग?"

"मग काय, जागी असले तरी डोळे मिटून पडून राहते. ते विचारणार, दमलीस का. आणि मी नाही म्हणणार. तेच येईल तोंडातून, दुसरं काही येणारच नाही. मग ते बरं वाटून परत जातील." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "त्यापेक्षा उभे राहू देत."