चेहरा नको, हात बघ

हवालदारमामा टीव्ही बघताना आवाज बंद करायचे. बातम्या असोत, पुढाऱ्याची सभा असो, की आमच्या सौभाग्यवतींची मालिका असो. रिमोट हातात आला की पहिलं काम तेच. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, खुर्ची पुढं ओढायची आणि पडद्यावरच्या माणसांचे हात बघत बसायचे. "बोलणं ऐकलं की माणूस फसतंय, मास्तर," ते मला म्हणायचे. "तोंडाला खोटं बोलायची सवय असती. हाताला नसती. चेहऱ्यावर जाऊ नको, हात बघ."

या सवयीपायी आमच्याकडं एक ठरत आलेली सोयरीकही मोडली. माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा स्वतः शेती करतो, असं सांगत होता. बोलायला इतका गोड, की मी मनातल्या मनात मांडव घालून मोकळा झालो होतो. मामा सगळा वेळ त्याने धरलेल्या कपबशीकडं बघत होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "तळहात बघितलास का? कापूस हाय नुसता." चौकशी केली तर सगळं रान दुसऱ्याला लावून मुलगा दिवसभर पारावर बसत होता. मी त्याच्या चेहऱ्यावर भाळलो होतो. मी भूगोलाचा शिक्षक. नकाशात ॲमेझॉन कुठं वाहते ते सांगेन, समोरच्या माणसाचं काय चाललंय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ, ढोकीचे. ढोकीजवळचंच आमचं गाव, त्यामुळं आजोळ आणि घर एकाच पांदीत. ते फौजेत होते, पण आर्मरर. म्हणजे बंदुका चालवणारे नव्हे, दुरुस्त करणारे. लहानपणी आम्हा पोरांची यानं फार निराशा व्हायची. सुट्टीवर आले की आम्ही भोवती बसून विचारायचो, मामा, किती दुश्मन मारले? ते खरं सांगायचे, "एकबी न्हाय. म्या बंदुकांचे दस्ते बसवले." मी शाळेत मात्र आकडा पंधरापर्यंत नेऊन ठेवला होता.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी काश्मीरमध्ये काढली. अतिरेक्यांकडून पकडलेली हत्यारं त्यांच्या कोतीत, म्हणजे हत्यारखान्यात, यायची. ती पुसायची, तपासायची, चिठ्ठी बांधून ठेवायची हे त्यांचं काम. पुसता पुसता त्यांना ती वाचता यायला लागली. कुणी दस्त्याला दोरी गुंडाळलेली, कुणी मॅगझिनला काळी टेप मारलेली, कुणाचा पट्टा घरच्या कापडाचा. अशा खुणांवरून कुठली बंदूक कुठल्या टोळीची, हे मामा साहेबांना सांगायचे. साहेब लोक कागद बघायचे आणि मामा चिंध्या बघायचे, आणि बऱ्याचदा चिंध्या बरोबर निघायच्या.

निवृत्त झाल्यावर ते ढोकीच्या रस्त्यावर सत्तारभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात बसायला लागले. सत्तारभाई लोखंड जोडायचे, मामा फवारणीचे पंप उघडायचे. एक पंप झाला की चिंधी घेऊन एकेक बोट पुसायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बोटं पुसली म्हणजे काम संपलं, गिऱ्हाइकानं पंप उचलावा. त्याआधी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

दुकानात एक जुना टीव्ही होता. जिहादी संघटनांची बातमी लागली की त्यातला निवेदक ओरडायला लागायचा आणि पंप घ्यायला आलेली माणसं उगाच सत्तारभाईंकडं बघायची, किंवा त्याहून वाईट, बघायचं टाळायची. मामा हात लांब करून आवाज बंद करायचे. एकदा सत्तारभाई म्हणाले, "मामू, मेरे वास्ते आवाज बंद नको करू." मामांनी पंपातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "तुझ्यासाठी कोण करतंय? ह्या मास्तरसाठी करतोय. बातम्या ऐकल्या की ह्याला जेवण जात न्हाय." सत्तारभाई हसले. मीही हसलो, कारण ते खरंच होतं.

एका वर्षी आमच्या उसाला तोड आली तेव्हा मामांनी मला एक धडा दिला. मुकादम म्हणाला, दोन टोळ्या होत्या, आता एकच केली. चार दिवसांत रान मोकळं करतो. ट्रॅक्टरला नव्या टोळीचा नवा फलकही लावलेला. मी खूश. मामा दुपारी जेवणाच्या वेळेला बांधावर आले. तोडकरी बाया-माणसं भाकरीची फडकी सोडून जेवायला बसलेली. मामांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही, कोयते कुठं ठेवलेत ते बघितलं. एका टोळीच्या कोयत्यांच्या मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली, दुसरीच्या मुठींना लुगड्याचा काठ. ट्यूबवाले कोयते बाभळीखाली, काठवाले पार पलीकडच्या बांधाला.

"आठ दिवस धर," मामा म्हणाले.

"मुकादम चार म्हणतोय."

"मुकादम फलक बघून बोलतोय. ढीग दोन हायत, मास्तर. फलक काय, सकाळी रंगवला, दुपारी वाळला. पण आपला कोयता दुसऱ्याच्या हातात कोण देतंय? इस्वास असल्याबगर न्हाय देत."

तिसऱ्या दिवशी वाढे, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचे उसाचे शेंडे, कुणी न्यायचे यावरून दोन्ही टोळ्या भांडल्या आणि आठाचे नऊ दिवस झाले. पुढच्या वर्षी तीच माणसं परत आली. दुपारी बाभळीखाली एकच ढीग, आणि जेवण झाल्यावर ट्यूबवाल्या टोळीतल्या बाईनं सहज हाताला येईल तो काठवाला कोयता उचलला. मामांनी मला कोपरानं ढोसलं. "आता एक टोळी झाली. आता चार दिवस." रान तिसऱ्या दिवशीच रिकामं झालं.

हे सगळं मला शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानाइतकंच वाटत होतं. मग माझा मुलगा अभिजित फौजेत गेला आणि पहिल्याच मोठ्या नेमणुकीवर काश्मीरमधल्या एका डोंगरावरच्या लहानशा चौकीत पोचला. तिथून पुढं मोबाइल माझ्या हातातून सुटेना. अतिरेकी संघटना आपले फोटो आणि चित्रफिती सोडतात. त्या फिरत फिरत आमच्या शिक्षकांच्या गटावरही यायच्या. मी त्या जपून ठेवायचो आणि मामांना दाखवायचो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, मला म्हणायची, तुम्ही पोराचा बाप आहात की अतिरेक्यांचे फोटोग्राफर?

मामा मात्र ते फोटो गंभीरपणे बघायचे. त्या भागात दोन संघटना होत्या. एकीच्या फोटोत बंदुकांच्या मॅगझिनला काळी टेप, दुसरीच्यात दस्त्याला सुतळी गुंडाळलेली. मामा मला शिकवायचे: सगळ्यांच्या हातात एकसारखी कोरी हत्यारं दिसली तर वरून कुणीतरी पुरवतंय. तीच ती चार हत्यारं वेगवेगळ्या फोटोंत दिसली तर माणसं दाखवायला हायत, बंदुका न्हाईत. चेहरे झाकून येतात, नावं खोटी सांगतात, पण बंदूक झाकून फोटो कोण काढणार? ती दाखवायलाच तर फोटो काढायचा.

आणि मग एका सकाळी ती बातमी आली. त्या दोन संघटना एक झाल्या. नवं नाव, नवा झेंडा, आणि झेंड्याखाली दोन रांगांत बसलेल्या, तोंडं बांधलेल्या माणसांचा फोटो. निवेदक सांगत होता, आता धोका दुप्पट. सुनंदानं ते ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून देवापुढं जाऊन बसली. तिला रक्तदाबाचा त्रास. मी शाळेला जायच्या आधी मोटारसायकल काढली आणि थेट दुकानावर गेलो. सत्तारभाई नुकतंच शटर वर करत होते. मामा स्टुलावर बसलेले, पंप भिंतीला ओळीनं लावलेले.

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. चष्मा नाकावर आला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडं सरकवला, परत डावीकडं आणला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभा. माझा सगळा जीव त्या तोंडावर गोळा झाला होता. पण ते तोंड पंपाचा वायसर तपासताना असायचं तसंच, जरा कंटाळलेलं.

"दोन ढीग," ते म्हणाले आणि मोबाइल मला दिला.

"म्हणजे?"

"म्हणजे फलक रंगवलाय. टेपवाल्यांच्या टेपा टेपवाल्यांकडं, सुतळीवाल्यांची सुतळी सुतळीवाल्यांकडं. महिन्याभरात वाढ्यावरून भांडतील. जा, घरी सांग जा सुनंदेला. पोरगी उपाशी बसली आसल."

ते चिंधीनं बोटं पुसायला लागले. मी निघालो. घरी येऊन सुनंदाला सांगितलं, दोन ढीग आहेत. ती मामांना मानायची. उठली आणि भाकरी थापायला लागली. मोटारसायकलवरून शाळेकडं जाताना, खोटं कशाला बोलू, मी शीळ घालत होतो.

त्यानंतर दीड वर्षं मी या विषयातला तज्ज्ञ होतो. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या हॉटेलात, तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत, जिथं कुणी त्या संघटनेचं नाव काढेल तिथं मी समजावून सांगायचो: अहो, हत्यारं बघायला शिका. ते एक झालेलेच नाहीत. कोयत्यांचं उदाहरणही द्यायचो. ऐकणारे मान डोलवायचे. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर मला यावर व्याख्यान द्यायला सांगितलं आणि मी ते दिलं. टाळ्याही पडल्या. मामा पहिल्या रांगेत होते. व्याख्यानभर जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, भाच्याचं कौतुक त्यांना सोसवत नाही.

मागच्या थंडीत मामा गेले. आजार नाही, काही नाही. दुकानातून आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. सत्तारभाईंनी तीन दिवस शटर उघडलं नाही. मामांचे उघडून ठेवलेले पंप नंतर त्यांनी स्वतः बसवले आणि एक उलटा बसवला. त्यावरून गिऱ्हाईक बोललं तेव्हा सत्तारभाई दुकानाच्या मागं जाऊन उभे राहिले.

अभिजितला दहाव्यापर्यंत सुट्टी मिळाली. विधी आटोपून आम्ही दोघं ओढ्यावरून परत येत होतो. मी मामांच्या आठवणी सांगत होतो आणि ओघात ती दोन ढिगांची गोष्टही आली. अभिजित चालता चालता थांबला.

"बाबा, तुम्हाला आजोबांनी दोन ढीग सांगितलं?"

"मग? सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

मग त्यानं सांगितलं. त्याच सकाळी, मी शीळ घालत शाळेत पोचलो असेन तेव्हा, मामांनी त्याला फोन केला होता. म्हणाले होते, "पोरा, तो फोटो बघ. सुतळीवाल्याच्या हातात टेपवाली बंदूक हाय. एकाच्या न्हाय, चौघांच्या. ढीग एक झालाय. त्यांनी एकमेकांला हत्यारं दिल्यात, म्हंजे वाटाबी दिल्या असणार. तुझ्या साहेबाच्या कानावर घाल. अन् रोजच्या वाटंनं जाऊ नको." अभिजितनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आमचाही तोच अंदाज आहे, आणि म्हातारा कोण आहे तुझा? चौकीवरची माणसं वाढवली, गस्तीच्या वाटा बदलल्या. जुन्या वाटेवर पुढं काय झालं ते अभिजित बोलला नाही. मी विचारलं नाही.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं त्यांना," अभिजित म्हणाला. "म्हणाले, तुझ्या बापाच्या तोंडावर सगळं छापून येतं, अन् ते तुझी आई वाचती."

घरी आल्यावर मी कपाटातून जुना मोबाइल काढला, चार्जिंगला लावला आणि तो फोटो शोधला. मोठा केला. सुतळीवाला, त्याच्या हातात काळी टेप. दुसऱ्या रांगेतला तसाच. तिसरा, चौथा. शोधावंही लागत नव्हतं. खुणा मला पाठ होत्या, शिकवणी पूर्ण झाली होती. परीक्षेच्या दिवशी मी पेपरच न बघता पर्यवेक्षकाच्या तोंडाकडं बघत बसलो होतो. आणि वर त्याच उत्तरावर दीड वर्षं व्याख्यानं दिली.

सुनंदा विचारायला लागली, काय बघताय एवढं? मी म्हणालो, काही नाही, जुने फोटो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझं तोंड मामांसारखं नाही. तिला कळलंच असणार काहीतरी.

मी ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून बघतो. सत्तारभाईंचं अर्धं वर गेलेलं शटर, मामांचा तो कंटाळलेला चेहरा, "दोन ढीग". आणि मग मोबाइल माझ्याकडं देऊन त्यांनी चिंधी उचलली आणि बोटं पुसायला घेतली; अंगठा, मग तर्जनी, मग पुढची, आणि करंगळीपर्यंत येऊन पुन्हा अंगठ्यापासून. भिंतीला पंप ओळीनं उभे होते. त्या सकाळी त्यांनी त्यातला एकही अजून उघडला नव्हता.